नेटवर्क मार्केटिंगमध्ये नवा माणूस कुठे अडकतो: आयडी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरीच वर्षं कोणी उघडत नव्हतं. त्यात प्रोटीन पावडरचे नऊ डबे, कोरफडीच्या रसाच्या चार बाटल्या आणि टूथपेस्टचा एक अख्खा खोका होता. सगळ्यांच्या तारखा उलटून गेलेल्या. मी नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. तिथल्याच एका मित्राने मला नेटवर्क मार्केटिंगच्या एका कंपनीत 'आयडी लावून' दिली होती, म्हणजे तिचा माल विकायला आणि खाली माणसं जोडायला माझं नाव नोंदवलं होतं, आणि दोन वर्षं चार महिने मी ते काम मनापासून केलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. माझं जे चुकलं ते दुसऱ्या कुठल्या कंपनीत असतो तरी चुकलंच असतं.

आता कारखान्यातली पोरं विचारतात, "भाऊ, एक प्लॅन आलाय, जाऊ का?" जाऊ नका म्हटलं की ती नक्की जातात. म्हणून मी त्यांना पुढे काय काय करायचं तेवढं सांगतो. तेच इथे लिहिलंय.

मीटिंगला जायचं, पण खिशात पैसे आणि पॅन कार्ड न ठेवता

पहिली मीटिंग बहुतेक हॉटेलच्या हॉलमध्ये किंवा झूमवर होते. गरज फक्त एक नियम पाळायची आहे: त्या दिवशी आयडी घ्यायची नाही. "आजची डेट लॉक केली तर तुझ्याखाली लगेच दोन येतात", "उद्या ही पोझिशन दुसऱ्याला जाईल", हे हमखास ऐकायला मिळेल. जो धंदा उद्या सकाळी बंद होणार नाही, त्यात उद्या सकाळीही जाता येतं.

तिथे बसून स्टेजवरच्या गाडीच्या फोटोपेक्षा तीन गोष्टी लिहून घ्या. कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव, पेआउट (कंपनी देते ते कमिशन) नेमका कशावर मिळतो, आणि ॲक्टिव्ह राहायला, म्हणजे तो पेआउट चालू राहायला, दर महिन्याला किती रुपयांची खरेदी लागते. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. "ते काय, घरखर्चातच निघतं," म्हणतात. आकडा मिळेपर्यंत विचारत राहा. माझ्या वेळी तो आकडा मला दुसऱ्या महिन्यात कळला.

घरी येऊन गोल काढा

स्टेजवर मार्करने गोल काढतात: तू, तुझ्याखाली सहा, त्यांच्याखाली सहा-सहा. तेच घरी वहीत काढा, फक्त मध्येच थांबू नका. ६, ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६. सातव्या ओळीत २ लाख ७९ हजार ९३६. दहाव्या ओळीत ६ कोटी ४ लाखांच्या वर. अकरावी ओळ ३६ कोटींच्या पुढे जाते, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख, पाळण्यातली बाळं धरून.

ही गंमत बऱ्याच जणांना माहीत असते आणि त्यावर अपलाइनचं, म्हणजे तुम्हाला जोडणाऱ्या वरच्या माणसाचं, उत्तरही तयार असतं: "अरे, इतकं कुणाचंच वाढत नाही." बरोबर आहे. म्हणून अकरावी ओळ सोडा आणि शेवटची ओळ बघा, ती कितवीही असो. प्रत्येकाने सहा आणले असं धरलं, तर साखळी कुठेही थांबवा, साधारण शंभरातले त्र्याऐंशी जण शेवटच्या ओळीत असतात आणि त्यांच्याखाली कोणी नसतं. प्रत्येकाने दोनच आणले तरी निम्मे शेवटच्या ओळीत. ही माणसं आळशी असतात, पुस्तकं वाचत नाहीत, ट्रेनिंगला येत नाहीत, असं काही नाही. झाडाचा आकारच तसा आहे. नव्या माणसाला यश का मिळत नाही याचं निम्मं उत्तर इथेच आहे, आणि स्टेजवर नेमकं हेच सोडून बाकी सगळ्याला दोष दिला जातो: तुझी बिलीफ कमी पडली, तू कन्सिस्टंट नव्हतास.

उरलेलं निम्मं पेआउटच्या रचनेत दडलेलं असतं. तिथे जरा बसायला लागतं.

बऱ्याच कंपन्यांत कमिशन 'फरकाचं' असतं. समजा तुमचा स्लॅब, म्हणजे कमिशनची पायरी, १२ टक्के आणि तुम्ही आणलेल्या माणसाचा ९. त्याच्या गटाच्या उलाढालीवर तुम्हाला ३ टक्के मिळतात. तो कष्टाळू निघाला, त्यानेही १२ चा स्लॅब गाठला, की तुमचा फरक शून्य. मग 'लीडरशिप बोनस' नावाचं दुसरं काहीतरी सुरू होतं, पण त्याला आणखी दोन-तीन पाय, म्हणजे तुमच्याखालच्या वेगळ्या फांद्या, तेवढेच तगडे लागतात. थोडक्यात, तुमचा सगळ्यात चांगला माणूस पुढे गेला की तुमचा पगार घसरतो. मला हे समजायला वर्ष लागलं आणि समजलं तेव्हा मी रात्रपाळीला होतो. मशीन चालू, आणि मी बाजूला चहाच्या कागदी कपावर पेनाने १२ वजा १२ लिहून बसलो होतो.

दुसरा प्रकार बायनरीचा, डावा पाय आणि उजवा पाय. पैसे दोन्हीकडचं मॅचिंग होईल तेवढेच, म्हणजे जो पाय कमजोर त्याच्या हिशोबाने. तुमची अपलाइन एका बाजूला माणसं टाकत जाते, त्याला पॉवर लेग म्हणतात. मोबाइल उघडला की डावीकडे ४०० आयडी दिसतात आणि माणूस खूश होतो. उजवीकडे स्वतः आणलेले तीन. पेआउट त्या तिघांवर. शिवाय वर कॅपिंग असतं, म्हणजे एका दिवसात किंवा आठवड्यात अमुक रकमेच्या वर मॅचिंग मोजायचंच नाही. ते चारशे जण तुमच्या अपलाइनचेही असतात आणि ती खूप आधीपासून तिथे उभी असते.

आता एक साधा भागाकार करा. माझ्याकडे गटाच्या उलाढालीवर सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास पडायचे. महिन्याला २५ हजार हवे असतील तर ३ लाख १२ हजार ५०० रुपयांची उलाढाल लागते. एक माणूस महिन्याला २ हजारांची खरेदी करतो असं धरलं तर साधारण १५६ जण. आणि ते दर महिन्याला, न चुकता. एक महिना गणपती, एक महिना पोरांची फी, एक महिना दिवाळी. १५६ जणांना दर महिन्याला दोन हजार खर्च करायला लावणं हे पार्ट टाइम काम आहे का, ते तुम्हीच ठरवा.

कंपनीचे कागद तपासा

"आमची कंपनी सरकारमान्य आहे" हे वाक्य ऐकलं की हसू नका, पण त्याचा अर्थ काय ते विचारा. कंपनी नोंदणीकृत असणं म्हणजे प्लॅन मंजूर असणं नव्हे. पानाच्या गादीचीही नोंदणी असते.

भारतात या धंद्याला कायद्यात 'थेट विक्री' म्हणतात. २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे नियम अधिसूचित झाले. त्यातलं नव्या माणसाच्या कामाचं एवढं:

पिरॅमिड योजना (जिथे मालापेक्षा माणसं जोडण्यावर पैसे मिळतात) आणि मनी सर्क्युलेशन योजना (माणसं भरली की झटपट पैसे, असं आमिष) चालवायला, आणि त्यात माणसं भरायलाही बंदी आहे. थेट विक्रीच्या नावाखाली केलं तरी. 'माणसं भरायलाही' हे शब्द दोनदा वाचा, कारण कंपनी बुडाली की गल्लीतले लोक तुमच्या दारात येतात, मुंबईच्या ऑफिसात नाही. मनी सर्क्युलेशनवर तर १९७८ पासून केंद्राचा कायदा आहे.

कंपनीचं भारतात नोंदणीकृत कार्यालय हवं, तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर हवा. तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत आणि निवारण साधारण महिन्याभरात व्हायला हवं. मी सांगतो तो प्रयोग करा: आयडी घेण्याआधी त्या अधिकाऱ्याला एक साधी मेल टाका, "माल परत करायची पद्धत काय?" उत्तर येतं का बघा. फुकटची परीक्षा आहे.

तुमच्याबरोबर लेखी करार व्हायला हवा. त्यात 'कूलिंग ऑफ' चा काळ असतो, म्हणजे दंड न भरता करार रद्द करायची मुदत. किती दिवस ते करारातच बघा, अपलाइनच्या तोंडून नको. जॉइनिंग फी, किट फी, ट्रेनिंग फी अशा नावाने पैसे मागत असतील तर तिथूनच परत फिरा. प्रवेश फी नको ही गोष्ट २०१६ च्या सूचनांतही होती. काही ठिकाणी फी म्हणत नाहीत, 'पॅकेज' म्हणतात, आणि पॅकेज जितकं मोठं तितकं कमिशन जास्त. ज्या वस्तूची तुम्हाला गरज नाही ती फक्त कमिशनची पायरी चढायला घेत असाल, तर ती फीच आहे.

आणि माल मुळात आहे का तेही बघा. २०११ मध्ये स्पीक एशिया नावाची योजना जोरात होती. ११ हजार रुपये भरायचे, ऑनलाइन सर्व्हे भरायचे, आणि माणसं जोडायची. सर्व्हे कोणासाठी, त्याचे पैसे कोण देतं, हे बहुतेकांनी विचारलंच नाही. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं. आज सर्व्हेच्या जागी कोर्स असतो, क्रिप्टो असतं, 'डिजिटल प्रॉडक्ट' असतं.

कंपनी जुनी, परदेशी आणि मोठी आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. ॲमवे भारतात १९९८ पासून माल विकते आहे, तरी एप्रिल २०२२ मध्ये ईडीने तिच्या ७५७ कोटींच्या वरच्या मालमत्तेवर तात्पुरती टाच आणली. टाच आणणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नाही. पण मोठं नाव बघून आपली अक्कल घरी ठेवायची नसते.

डबा हातात घ्या आणि दुकानात जा

प्लॅन क्षणभर विसरा. जी वस्तू विकायची आहे ती किराणा दुकानात नेऊन दुसऱ्या वस्तूशेजारी ठेवा आणि १०० ग्रॅमला काय पडतं ते काढा. माझ्याकडची टूथपेस्ट आमच्या गल्लीतल्या दुकानातल्या पेस्टच्या जवळपास दुप्पट पडत होती, तीही डीपीला, म्हणजे मला मिळणाऱ्या दरात. एमआरपीला तर विचारूच नका. "आपली कॉन्संट्रेटेड आहे, कमी लागते," असं मी सगळ्यांना सांगायचो. सासूबाईंनी एक दिवस शांतपणे विचारलं, "मग तुमच्याकडे दोन महिन्यांत तीन ट्यूब कशा संपल्या?"

वस्तू चांगली असू शकते. काही खरंच चांगल्या असतात, भांड्यांचा साबण मी अजूनही चांगला म्हणेन. प्रश्न वेगळा आहे: पेआउट बंद झाला तर ही वस्तू याच किमतीला तुम्ही स्वतः विकत घ्याल का? उत्तर 'नाही' असेल तर गिऱ्हाईकही घेणार नाही. मग उरतो तो फक्त माणसं आणायचा धंदा.

आणखी एक अडचण हल्लीची. ज्यांचं कपाट भरलंय ते माल ऑनलाइन काढून टाकतात, तुमच्या डीपीपेक्षा स्वस्तात. कंपन्या याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ॲमेझॉनसारख्या ठिकाणी असा माल कंपनीच्या संमतीशिवाय विकायला मनाई केली, पण जानेवारी २०२० मध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. म्हणजे तुम्ही सोफ्यावर बसून डबा दाखवत असताना समोरच्या वहिनी मोबाइलवर त्याच डब्याची किंमत बघत असतात. हे गृहीत धरूनच जा, आणि आधी स्वतः बघून जा.

यादीतली पहिली वीस नावं खोडा

ट्रेनिंगमध्ये पहिलं काम देतात यादी काढायचं. शंभर नावं. मोबाइलची फोनबुक उघडून मी १३७ काढली होती आणि त्याबद्दल माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. पहिलं नाव मेहुण्याचं. त्याने घेतलं, कारण "दाजी पहिल्यांदाच काही मागतायत." मावशीने आठशेचा माल घेतला, पैसे पुढच्या महिन्यात देते म्हणाली. चुलतभावाने आयडी घेतली आणि परत कधी उघडली नाही.

इथे काय होतं ते नीट बघा. नातेवाईक माल घेत नाहीत, तुम्हाला आहेर करतात. आहेर एकदाच होतो. पण पहिल्या महिन्यात तुम्हाला वाटतं धंदा चालला, अपलाइन तुमचा फोटो ग्रुपवर टाकते, आणि तुम्ही दुसऱ्या महिन्याच्या खरेदीचा आकडा त्या भरवशावर वाढवता. तिसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद होतं. लग्नात जेवायला बसलो की शेजारची खुर्ची रिकामी राहायची, हे माझ्या बायकोने माझ्याआधी ओळखलं.

म्हणून यादी काढा, पण नात्यातली आणि जवळच्या मित्रांची वीस नावं आधीच खोडा. उरलेल्यांतून आणि अनोळखी लोकांतून दहा गिऱ्हाइकं मिळवा. गिऱ्हाईक म्हणजे ज्याला आयडी नको, फक्त वस्तू हवी, आणि जो एमआरपीचे पैसे रोख देऊन दुसऱ्यांदा तीच वस्तू मागतो. दुसऱ्यांदा मागतो हे महत्त्वाचं.

दहा हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवेचं प्रकरण तपासलं तेव्हा ती पिरॅमिड नाही असं ठरवताना तिचे तीन नियम विचारात घेतले होते: महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री, घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकलेला असणं, आणि न विकलेला माल परत घेण्याची सोय. त्याच निकालात कमाईचे फुगवलेले आकडे सांगण्यावरून कंपनीला तंबीही मिळाली होती, ती मात्र स्टेजवर कोणी सांगत नाही. हे तीन नियम स्वतःला लावून घ्या. तीन महिने झाले आणि दहा गिऱ्हाइकं झाली नाहीत, तर चौथ्या महिन्यात कुणालाही खाली जोडायचं नाही. जी वस्तू मला विकता आली नाही ती विकायला मी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू? मी सांगितलं होतं, हे खरं आहे. सात जणांना.

वही ठेवा, आणि तिच्यात पेट्रोल लिहा

सोळा महिने मी हिशोब ठेवला नाही. पेआउटचा मेसेज आला की स्क्रीनशॉट काढायचो, तोच हिशोब. मग बायकोने पोराची जुनी दोनशे पानी वही दिली. पहिल्या पूर्ण महिन्याचं पान असं होतं:

महिन्याची खरेदी ४,२०० रुपये डीपीला. बाहेरच्यांना विक्री १,१५० रुपयांची, त्यात माझे सुटले २३०. पेआउट १,३१२. म्हणजे हातात आले १,५४२. खर्च: पेट्रोल ९००, पुण्याच्या सेमिनारचं तिकीट ६००, बस आणि जेवण ८५०, घरी प्लॅन दाखवायला आलेल्यांचा चहा-पोहे ३४०. एकूण २,६९०. तोटा १,१४८ रुपये. कपाटात गेलेला माल यात धरलेलाच नाही. आणि मागे एका रकान्यात बायकोने लिहिलेलं: "४६ तास".

त्या महिन्यात मला ग्रुपवर 'परफॉर्मर ऑफ द मंथ' चा फोटो मिळाला होता.

वहीत पाच रकाने पुरतात: घेतलेला माल, बाहेर विकलेला माल, पेआउट, खर्च, तास. घरात वापरलेला माल विक्रीत धरायचा नाही, कितीही मोह झाला तरी. उधारी मिळेपर्यंत ती विक्री नव्हे. सेमिनार हा खर्चच आहे, 'स्वतःवरची गुंतवणूक' वगैरे नंतर. कमिशनवर टीडीएस कापला जातो, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्के झाला. तो कापलेला पैसा रिटर्न भरून जुळवून घ्या. आणि हे उत्पन्न आहे, पगाराबरोबर दाखवायचं असतं, हेही कोणी सांगत नाही.

अपलाइनला तिची वही दाखवायला सांगा. पेआउटचा स्क्रीनशॉट नको, खर्चाचं पान. मी मागितलं तेव्हा मला 'निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा' असं उत्तर मिळालं.

औषध म्हणून काही विकू नका

हा भाग छोटा आहे पण यात माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. फूड सप्लिमेंट हे अन्न असतं, डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. त्याने शुगर बरी होते, गाठ विरघळते असं सांगणं चुकीचं आहे, आणि मधुमेह-कर्करोगासारख्या आजारांवर उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. व्हॉट्सॲप स्टेटसला लावलेलं 'यांची इन्सुलिन सुटली' हे तुमच्या नावाने, तुमच्या नंबरवरून गेलेलं असतं, कंपनी सहज हात झटकते. २०२१ च्या नियमांतही कंपनीने मंजूर न केलेलं साहित्य वापरायचं नाही असं आहे. एका काकांनी माझं ऐकून गोळी अर्धी केली होती. त्यांच्या मुलाने मला फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही.

कोणाच्या घरी जाताना ओळखपत्र हवं आणि आधी वेळ घेतलेली हवी, हाही नियमच आहे. "सहज आलो होतो" हे बंद करा.

कुणाला जोडायचंच असेल तर

त्याला तुमची वही दाखवा. मागच्या तीन महिन्यांची पानं, तोट्यासकट. कॅफेत बोलावून 'एक बिझनेस अपॉर्च्युनिटी आहे, फोनवर सांगण्यासारखी नाही' असं करू नका. नेटवर्क मार्केटिंग आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. येणारे कमी होतील. जे येतील ते चार महिन्यांनी तुम्हाला शिव्या देणार नाहीत.

महिनाअखेरची रात्र

खरा पैसा इथे जातो. तीस तारीख, रात्री दहा, अपलाइनचा फोन: "भावा, फक्त सहा हजारांचं व्हॉल्यूम कमी पडतंय, रँक हातातून जाईल. स्वतःच्या आयडीवर उचल, पुढच्या महिन्यात वसूल." व्हॉल्यूम म्हणजे गटाची खरेदी. माझं कपाट अशाच रात्रींनी भरलं. रँक टिकली की वरच्या सगळ्यांचा पेआउट सरकतो, म्हणून फोन वरून येतो. खालून कधी आला नाही.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, आणि तो आधी करायचा असतो. पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा आणि घरातल्या एका माणसाची सही घ्या. एक, एकूण किती रुपये बुडाले की थांबायचं. दोन, कोणत्या तारखेला थांबून हिशोब बघायचा. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, बायकोचे दागिने, भिशीची उचल यांतला एकही पैसा यात घालायचा नाही. नोकरी सोडायची नाही. स्टेजवरून नोकरी सोडलेल्याची गोष्ट सांगतात, तेव्हा त्याच्या बायकोला माइक देत नाहीत.

बाहेर पडताना

आयडी नुसती पडून राहू देऊ नका. कंपनीला मेलवर लेखी कळवा की करार संपवतो आहे, आणि पोच ठेवा. न उघडलेला, मुदतीतला माल परत घेण्याची अट करारात असते. बिलं जोडून त्याच मेलमध्ये माल परत करायचा आहे असं लिहा. मी हे केलं नाही. मला वाटलं आता कुठे मागे लागायचं. करारातली मुदत गेल्यावर मी चौकशी केली.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे नोंद करा, मग ग्राहक आयोग आहे. 'पैसे गुंतवा, अमुक टक्के मिळतील' अशी योजना असेल तर ती थेट विक्री राहातच नाही, सरळ पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. राज्यात ठेवीदारांच्या हितासाठी १९९९ चा वेगळा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला. करार, बिलं, यूपीआयच्या नोंदी आणि ग्रुपवरची आश्वासनं आधी सेव्ह करा, कारण तुम्ही बोलायला लागलात की पहिल्यांदा ग्रुपमधून काढतात.

शेवटचं काम म्हणजे आपल्या खालच्या माणसांना स्वतः फोन करून सांगणं. मी एक आठवडा टाळलं, शब्द जुळवत बसलो. मग एका रविवारी दुपारी सातही जणांना फोन लावले. पाच जणांनी उचलला. मी म्हटलं, "मी सोडतोय, तुम्हीही पुढची खरेदी करू नका, चूक झाली." पाचातले चौघं म्हणाले की त्यांनी केव्हाच सोडलंय, माझं मन मोडू नये म्हणून सांगितलं नव्हतं. पाचव्याने विचारलं, कपाटात माल किती उरलाय, भांड्यांचा साबण असेल तर तो घेईल, पण निम्म्या किमतीत.